कलम 63 आणि आमचे आबा

(द्वितीय वर्ष कला)

आमच्याकडे लोकलच्या डब्यात बोलायचे विषय ऋतूप्रमाणे ठरलेले असतात. पावसाळ्यात खड्डे, दिवाळीनंतर धूळ आणि होळी झाली की पाणी. विषय कोणताही असो, डोंबिवलीला चढलेली गप्पा कळव्याची खाडी येईपर्यंत एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : "ही महापालिका करते तरी काय?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते. प्रश्न विचारला की मन हलके होते आणि ठाणे स्टेशन येते.

मला मात्र या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले, आणि त्याला दोन कारणे झाली. एक म्हणजे यंदा राज्यशास्त्रात 'स्थानिक स्वराज्य संस्था' हे प्रकरण होते. दुसरे कारण घरातलेच. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, पाणीखात्यात चावीवाले आहेत.

चावीवाला म्हणजे काय, हे इमारतीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना सांगावे लागते. नळाचे पाणी आपोआप येत नाही. उंच टाकीतून निघालेल्या मोठ्या नळाला ठिकठिकाणी फाटे असतात आणि प्रत्येक फाट्यावर जमिनीखाली एक व्हॉल्व्ह असतो. लोखंडी झाकण उचलायचे, खड्ड्यात माणसाच्या छातीएवढी लांब चावी घालायची आणि फिरवायची. मग एका वस्तीचे पाणी सुरू होते. तासाभराने ते बंद करायचे, सायकलवर चावी आडवी बांधायची आणि पुढच्या वस्तीला जायचे. पहाटे साडेतीनला आबा घराबाहेर पडतात. आम्हां भावंडांना लहानपणी वाटायचे की सूर्यसुद्धा आबांनीच कुठली तरी चावी फिरवल्यावर उगवतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आबा सातवीपर्यंत शिकले, आईला सही येते. त्यामुळे वर्गात एखादी गोष्ट कळली की ती घरी सांगायची, असा मी नेमच केला आहे. सरांनी ज्या दिवशी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम शिकवला, त्या रात्री जेवताना मी आबांना कलम 63 सांगितले. हा कायदा 1949 सालचा. पूर्वी त्याचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम असे होते. त्याच्या 63 व्या कलमात महापालिकेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत आणि 66 व्या कलमात ऐच्छिक. रस्ते, पूल, मोऱ्या बांधणे व दुरुस्त ठेवणे, गटारे व मलनिःसारण, रस्त्यावरचे दिवे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त, सार्वजनिक पाणीपुरवठा ही सारी आवश्यक कर्तव्ये आहेत. ती करणे महापालिकेच्या मर्जीवर सोडलेले नाही. त्यांतील बहुतेक कामे शेवटी अभियांत्रिकी खात्याकडे येतात. म्हणूनच 45 व्या कलमात शहर अभियंता नेमलाच पाहिजे असे सांगितले आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातल्या 18 विषयांतही रस्ते, पूल आणि पाणी आहेतच.

आबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यात चावीवाला आहे का?"

मी म्हटले, "नाही. शहर अभियंता आहे."

"मग साहेबांचं नाव आलं, बरं झालं," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. साहेब आणि चावीवाला यांच्यामध्ये कार्यकारी अभियंता, उपअभियंता, कनिष्ठ अभियंता, मुकादम, फिटर अशी मोठी शिडी असते, आणि आबा त्या शिडीचा मान राखतात. पण माझ्या मनात तो प्रश्न राहिला. कायद्यात एका ओळीत लिहिलेले कर्तव्य आमच्या हंड्यापर्यंत पोचते कसे?

हा प्रश्न नवा नाही, हे मला महाडच्या धड्याने शिकवले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1924 सालीच केला होता. कागद तयार होता, पण तळ्यावर कोणी जाऊ देत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा कुठे ठराव खरा झाला. नगरपालिकेचा ठराव आणि माणसाची ओंजळ यांत तीन वर्षांचे अंतर पडले. तो अन्याय वेगळा होता, फार मोठा होता. त्याची आणि आमच्या नळाची तुलना मी करीत नाही. पण कागद आणि ओंजळ यांच्यामध्ये माणसे असतात, एवढे मला त्यातून उमगले.

आमच्या पाण्याची वाट तर फारच लांबची. कल्याण-डोंबिवलीला मुख्यतः उल्हास नदीचे पाणी मिळते. ही नदी उन्हाळ्यात आटत नाही, याला कारण घाटमाथ्यावरचे आंध्रा धरण. ते पाणी खरे म्हणजे इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जायचे. परंतु भिवपुरीच्या वीजकेंद्रासाठी 1922 पासून ते घाटाखाली उतरवले जाते आणि वीज करून उल्हासला मिळते. पुढे बारवी धरणाचेही पाणी तिला येऊन मिळते. मग मोहिलीसारख्या ठिकाणी ते उचलायचे, मोहिली, बारावे, नेतिवली येथील केंद्रांत शुद्ध करायचे आणि टाक्यांत चढवायचे. ठाण्याची योजना भातसा नदीवरची. पिसे येथे पाणी उचलतात, टेमघरला शुद्ध करतात. धरण, पंप, गाळणी, टाकी असा सगळा प्रवास झाल्यावर शेवटची दोनशे पावले उरतात. ती आबांची.

एका रविवारी हट्ट करून मी त्यांच्याबरोबर गेले. चावी फिरवण्यात ताकद लागते हे मला ठाऊक होते. त्यात मोजणी असते हे ठाऊक नव्हते. आबा मनाशी फेरे मोजत होते. नळ भर्रकन उघडला तर आत अडकलेली हवा आणि पाणी यांचा दणका बसतो आणि जुने बिडाचे नळ सांध्यातून उसवतात. म्हणून पहिले चार-पाच फेरे अगदी सावकाश, मग थांबायचे, हवा निघून गेल्याचा आवाज ऐकायचा, मग पुढचे फेरे. बंद करतानाही तसेच. एका ठिकाणी त्यांनी लोखंडी सळई रस्त्यावर टेकवून दुसरे टोक कानाला लावले. मलाही ऐकवले. मला नुसती घरघर ऐकू आली. ते म्हणाले, "इथं गळती आहे. सोमवारी साहेबांना सांगायला पाहिजे." वर रस्ता कोरडा ठणठणीत होता. मंगळवारी तिथे खोदले, तेव्हा नळाला बोटभर चीर निघाली.

परंतु त्या पहाटे मला जे खरे कळले ते वेगळेच. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीची आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमची चाळ टेकाडावर आहे. तिचे पाणीही आबांच्याच फेरीत येते. पहाटे पाच ते सहा. एप्रिल महिना होता आणि माझ्या ताईच्या सुपारीचा कार्यक्रम घरीच ठरला होता. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक होता. आईने आदल्या रात्री आबांना सांगितले, "उद्या दहा मिनिटं जास्त ठेवा. एक दिवस." शेजारणींनीही सांगितले. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला नळाची धार बारीक झाली आणि थांबली. अर्धे पिंप भरायचे राहिले होते. आईने शेजारून पाणी मागून वेळ निभावली. कार्यक्रम नीट झाला, पण दोन दिवस ती आबांशी बोलली नाही. चाळीत तर उघडच बोलणे झाले : "चावी घरात असून काय उपयोग?"

आबांना असे आग्रह नवीन नाहीत. मोठ्या इमारतींचे वॉचमन चहा पुढे करतात, दिवाळीला पाकीट घेऊन कोणी थांबते. पाणी कमी आले तर त्याच इमारतीच्या गच्चीवरून शिव्याही येतात. धरणात पाणी किती आहे, पंप बंद होता का, वीज गेली होती का, हे शिव्या देणाऱ्याला दिसत नाही. दिसतो तो फक्त सायकलवरचा माणूस. तो चहाही घेत नाही आणि शिव्यांना उत्तरही देत नाही.

त्या रविवारी सहा वाजता आबांनी आमच्या चाळीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आम्ही पुढे निघालो. त्यांच्या फेरीचे शेवटचे टोक म्हणजे नाल्याकडच्या घरांची एक ओळ. तिथे पोचलो तेव्हा बायका हंडे लावून बसल्या होत्या. एक म्हातारी झाकणाजवळच उभी होती. आबांनी चावी फिरवली. बराच वेळ नुसती हवा आली. मग करंगळीएवढी धार लागली. टाकीतली पातळी तोवर खाली गेलेली असते आणि वरच्या वस्त्यांनी आपापले घेतलेले असते. त्यात काही जण नळाला मोटर लावून खेचतात. त्या म्हातारीने हंड्याखाली हात धरून धार तपासली आणि म्हणाली, "आज बरी आहे."

परत येताना आबा म्हणाले, "अगं, पाणी सोडायला काय लागतं? सगळे खूश. बंद करणं हेच काम आहे. तुझ्या आईची दहा मिनिटं मी कुठून आणली असती? या म्हातारीकडूनच ना?"

मला वाटते, अभियांत्रिकी खात्याच्या जबाबदारीबद्दल जे काही पुस्तकात सापडले नाही, ते या वाक्यात आहे. पाणीपुरवठा करणे हे कलम 63 मध्ये आहे. तो सर्वांना सारखा करायचा तर कोणीतरी कोणालातरी, प्रसंगी आपल्याच घरच्यांना, 'पुरे' म्हणावे लागते. रस्त्यांचे, बांधकामांचे तरी निराळे काय आहे? ठेकेदाराचे बिल कनिष्ठ अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकातील नोंदीवर निघते. त्या नोंदीत चार इंच डांबर लिहायचे की तीन, हा त्याचा व्हॉल्व्ह. वाढीव मजल्याला नोटीस काढायची की बघितले न बघितले करायचे, हा दुसऱ्या कोणाचा. 4 एप्रिल 2013 रोजी ठाणे महापालिकेच्या हद्दीत शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. बांधकाम अजून पुरे झाले नव्हते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. ती इमारत एका रात्रीत उभी राहिली नव्हती. प्रत्येक मजल्याला कोणीतरी 'पुरे' म्हणायला हवे होते.

आता कोणी म्हणेल, मग लोकलमधल्या प्रश्नात चूक काय? चूक एवढीच की प्रश्न फार मोघम आहे. आमच्या भागात एकाच रस्त्यावर किती मालक आहेत! महापालिका आहे, सार्वजनिक बांधकाम खाते आहे, रस्ते विकास महामंडळ आहे, एम.एम.आर.डी.ए. आहे, एम.आय.डी.सी. आहे आणि रुळांवरून गेले की रेल्वे आहे. कल्याणचा पत्रीपूल 2018 मध्ये धोकादायक ठरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो काढला. मी तेव्हा सातवीत होते. नवा पूल रस्ते विकास महामंडळाने बांधला, तो जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे सारे गाव शिव्या मात्र महापालिकेला देत होते. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर 2019 मध्ये बंद झाला तो सप्टेंबर 2021 मध्ये उघडला. त्याची दुरुस्ती रेल्वेने किती करायची आणि महापालिकेने किती, हे डब्यात उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार? जबाबदारी पाच ठिकाणी वाटली की ती कुठेच उरत नाही, हा आमचा अनुभव आहे.

म्हणून ऑक्टोबर 2025 मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावले तर वारसांना 6 लाख रुपये, जखमी झाल्यास 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी आणि ती दोषी अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करावी, असे न्यायालयाने सांगितले. गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. पण रस्ता 'कोणाचा' हा प्रश्न निदान विचारला तर जाईल.

चांगले काम मात्र कोणाचे, हे आपण कधीच विचारत नाही. एक अपवाद मला सापडला. दर पावसाळ्यात बातम्यांत आपण ऐकतो, मोडकसागर भरून वाहू लागला. हे मोडक म्हणजे मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक. वैतरणा नदीवरचे ते धरण 1957 साली पुरे झाले आणि तलावाला त्यांचे नाव मिळाले. मी हे सांगितल्यावर आबांना फार आनंद झाला. साहेबाच्या नावाचा तलाव! ते दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

आबांच्या नावाचे काहीच असणार नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त होतील. त्यांच्या डोक्यात मात्र एक नकाशा आहे. जुन्या शहरांतले नळ कित्येक दशकांपूर्वी टाकलेले असतात, त्यांच्यावर रस्त्याचे थर चढतात, खुणेची दुकाने पाडली जातात. कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांचा, कुठला डावीकडे फिरतो, कुठले झाकण पिंपळापासून सात पावलांवर डांबराखाली गेले आहे, हे काम करणाऱ्या माणसाला ठाऊक असते आणि त्याच्याबरोबर घरी जाते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे पानी वही घेतली आणि आम्ही दोघांनी लिहायला सुरुवात केली. ते सांगतात, मी लिहिते आणि वेडीवाकडी आकृती काढते. एकोणचाळीस व्हॉल्व्ह झाले आहेत. त्यांच्या साहेबांनी वहीची झेरॉक्स मागितली, तेव्हा आबांनी आधी वहीला तपकिरी कव्हर घालायला लावले. "कला शाखा घेऊन काय करणार?" असे आम्हांला नेहमी विचारणाऱ्या काकांना आता आबाच ती वही दाखवतात.

एक गोष्ट मात्र त्या वहीत कुठे लिहावी, हे मला कळत नाही.

आमचे मूळ गाव शहापूर तालुक्यात. भातसा आणि तानसा ही धरणे त्याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. भातसाचे मुंबईला आणि ठाण्याला. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावापाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. मे महिन्यात आम्ही गावी गेलो की आजी विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरताना मी पाहिली आहे. गावाची तहान आठवूनच आबा शहरात फेरे मोजतात, असा माझा समज आहे. ते स्वतः तसे म्हणत नाहीत.

मी हिशेब पाहिला. सरकारी मानकांप्रमाणे मलनिःसारण असलेल्या शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी हवे. 2019 सालच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला 55 लिटर धरले आहे. आबा कसाऱ्याच्या गाडीत बसून गावी निघाले की आसनगावला उतरेपर्यंत ते 135 चे 55 होतात. माणूस तोच, त्याची तहानही तीच.

सरांना मी विचारले, धरणाशेजारच्या गावाचे पाणी हे कोणत्या कलमात येते? सर म्हणाले, महापालिकेचे कर्तव्य तिच्या हद्दीपुरते. हद्द म्हणजे काय, हे आमच्या 27 गावांना विचारावे. 1983 साली कल्याणची महापालिका झाली तेव्हा ती आत आली, 2002 साली बाहेर गेली, 2015 साली पुन्हा आत आली आणि त्यानंतरही त्यांतली 18 वेगळी करण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. प्रत्येक वेळी कर्तव्य कोणाचे हे बदलले. सकाळी हंडा घेऊन उभी राहणारी बाई तीच राहिली.

यावर उपाय काय, हे सांगण्याइतके माझे शिक्षण अजून झालेले नाही. पण आबांच्या फेरीत जो नियम आहे तो मला नीट कळला आहे. वरच्या वस्तीने वेळेवर पुरे केले, तरच शेवटच्या टोकाला धार लागते. आमची शहरे वरच्या वस्तीसारखी आहेत. नळ शहापुरातून निघतो आणि त्याचे शेवटचे टोकही शहापुरातच आहे, फक्त तिथे जाणारा फाटा अजून कोणी टाकलेला नाही. माझ्या वर्गात शहापूर, मुरबाडकडून रोज गाडीने येणारी सात मुले-मुली आहेत. पुढच्या वर्षी आम्ही मिळून आमच्या गावांतल्या विहिरी, टाक्या आणि टँकरच्या खेपा अशाच एका वहीत लिहायचे ठरवले आहे. आबांनी त्यासाठी दुसरी दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. तिलाही कव्हर घातलेले आहे.